‘नापास होण्याची परवानगी’ नाकारणाऱ्या बाई

अमेरिकेतील एका शाळेचा पहिलीचा वर्ग. बाईंनी मुलांना लिहायला सांगितले आहे. एक कृष्णवर्णीय मुलगी मात्र काहीच लिहीत नाही. आपण लिहिणार नाही, असे ती बाईंना स्पष्ट सांगूनही टाकते. बाई रागावत नाहीत. ठीक आहे, उद्या कदाचित लिहावेसे वाटेल, असे समजुतीच्या स्वरात म्हणून त्या विषय संपवतात. वर्गात कोणाचा आवाज चढत नाही, कोणाला शिक्षा होत नाही. वरवर पाहता हा एका प्रेमळ शिक्षिकेचा वर्ग आहे.

वर्गात निरीक्षणासाठी बसलेल्या संशोधिकेला मात्र या प्रसंगात वेगळेच काही दिसले. त्या मुलीला लिहिण्यातून सूट मिळाली होती आणि अशी सूट रोज मिळत गेली तर वर्षाअखेरीस तिला लिहिता येणार नव्हते. तिच्या घरी पुस्तके आणि शिकवणीची सोय असती, तर एका दिवसाच्या सवलतीने फारसे बिघडले नसते. पण जिला लिहायला शिकण्यासाठी शाळेखेरीज दुसरी जागा नाही, तिच्या बाबतीत हा दयाळूपणा महाग पडतो. संशोधिकेने त्याला नाव दिले, ‘नापास होण्याची परवानगी’. ही परवानगी कोणत्या मुलांना चटकन मिळते आणि कोणत्या मुलांकडून काम पुरे होईपर्यंत आग्रह धरला जातो, हा तिच्या दृष्टीने विषमतेचा खरा प्रश्न होता.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हा प्रसंग नोंदविणाऱ्या या संशोधिकेचे नाव ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज. वर्गातील समन्यायी अध्यापनाविषयी गेल्या तीन-साडेतीन दशकांत जे लिहिले-बोलले गेले, त्यात हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. पण विद्यापीठातील प्राध्यापक आणि सिद्धान्तकार ही त्यांची ओळख नंतरची. त्याआधी सुमारे दहा वर्षे त्या सरकारी शाळेत शिकवीत होत्या.

खडूपासून प्रबंधापर्यंत

ग्लोरिया यांचा जन्म १९४७ चा, फिलाडेल्फिया शहरातील. शिक्षणही तेथील सार्वजनिक शाळांमध्ये झाले. पाचवीत त्यांना लाभलेल्या कृष्णवर्णीय बाईंची आठवण त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात आवर्जून लिहिली आहे. पाठ्यपुस्तकात जो इतिहास नव्हता, तो या बाई वर्गात सांगत. आपल्या समाजातील विचारवंतांची आणि कर्तृत्ववान माणसांची ओळख मुलांना करून देत. वर्गातील अपेक्षा आणि आपुलकी एकत्र नांदू शकतात, याचा हा त्यांचा पहिला अनुभव.

बाल्टिमोर येथील मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक शिक्षणसंस्थेतून १९६८ मध्ये पदवी घेऊन त्या फिलाडेल्फियातच शिक्षिका झाल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी झाली होती. मोठ्या शहरांतील शाळा अशांत होत्या. अशा वातावरणात त्यांनी अध्यापन केले आणि नंतर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. १९८४ मध्ये त्यांना तेथे डॉक्टरेट मिळाली.

शिक्षिकेने संशोधनाकडे वळणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पण त्या काळी कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणावर जे संशोधन होत होते, त्यातील बरेचसे वर्गापासून दूर बसून, आकडेवारीच्या आधारे केलेले होते. वर्गात दहा वर्षे उभे राहिलेल्या माणसाला त्यात एक गोष्ट खटकणे स्वाभाविक होते. त्या संशोधनात मुलांचे अपयश तपशीलवार मांडलेले असे, पण चांगल्या शिक्षकांचा पत्ता नसे.

एक उलटा प्रश्न

या संशोधनाची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. वर्णानुसार शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ‘ब्राऊन’ खटल्यात दिला. निर्णय ऐतिहासिक होता, पण त्याच्या अंमलबजावणीची किंमत बहुतांशी एकाच बाजूने मोजली. शाळांचे एकत्रीकरण करताना कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि तेथील शिक्षक घरी बसले. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडील व सीमेवरील १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांनी नोकऱ्या गमावल्या, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. मुले नव्या शाळांत गेली. त्यांना ओळखणारे शिक्षक मात्र मागे राहिले.

पुढे १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा प्रसिद्ध अहवाल आला. विद्यार्थ्यांच्या गुणांमधील फरकाचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा त्यांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीशी अधिक आहे, असा त्याचा गाजलेला निष्कर्ष. अहवाल गुंतागुंतीचा होता, पण लोकांच्या लक्षात त्याचा सोपा अर्थ राहिला. घरच जर कमकुवत, तर शाळा काय करणार? त्याच सुमारास ‘सांस्कृतिकदृष्ट्या वंचित’ हा शब्दप्रयोग शिक्षणशास्त्रात रूढ झाला. मुलाची भाषा, त्याचे घर, त्याच्या आईवडिलांचे वागणे या साऱ्यांत काहीतरी उणे आहे आणि शाळेने ती उणीव भरून काढायची आहे, असे गृहीत धरले जाऊ लागले.

लॅडसन-बिलिंग्ज यांनी हा प्रश्नच उलटा केला. या मुलांमध्ये काय कमी आहे, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले की ही मुले जेथे यशस्वी होतात, तेथे नेमके काय घडते? कृष्णवर्णीय मुलांना उत्तम शिकविणारे शिक्षक अस्तित्वात आहेत, हे त्या स्वतःच्या शालेय जीवनापासून जाणून होत्या. त्या शिक्षकांना शोधायचे, त्यांच्या वर्गात बसायचे आणि ते काय करतात याची नोंद घ्यायची, असे त्यांनी ठरविले.

चर्चमध्ये मिळालेली यादी

१९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर कॅलिफोर्नियातील एका छोट्या शाळा-जिल्ह्यात त्यांनी हे काम सुरू केले. वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची आणि कमी उत्पन्नाची होती. पहिला प्रश्न निवडीचा होता. चांगला शिक्षक कोणाला म्हणायचे, हे ठरविणार कोण?

यासाठी त्यांनी दोन याद्या तयार केल्या. पहिली यादी पालकांची. परिसरातील चर्चमध्ये येणाऱ्या पालकांना त्यांनी आपल्या मुलांचे उत्तम शिक्षक कोण, असे विचारले. दुसरी यादी मुख्याध्यापकांची. दोघांच्या कसोट्या किती वेगळ्या होत्या, हे पाहण्यासारखे आहे. मुख्याध्यापकांनी ज्या वर्गांतून बेशिस्तीच्या तक्रारी कमी येतात, जेथे हजेरी चांगली असते आणि जेथील मुलांना प्रमाणित चाचण्यांत बरे गुण मिळतात, अशा वर्गांतील शिक्षकांची नावे दिली. पालकांनी मात्र बाई आपल्याशी आदराने वागतात का, मुलाला शाळेत जाण्याचा उत्साह वाटतो का आणि त्याचा स्वतःकडे व इतरांकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा झाला आहे, हे पाहिले होते.

दोन्ही याद्यांत ज्यांची नावे होती, अशाच शिक्षकांची निवड झाली. अशी नऊ नावे निघाली. एका शिक्षिकेने वेळेअभावी नकार दिला. आठ जणी तयार झाल्या. त्यांतील पाच कृष्णवर्णीय होत्या, तर तीन श्वेतवर्णीय. सर्वांचा अनुभव किमान १२ वर्षांचा होता. एका शिक्षिकेला तर ४० वर्षे झाली होती. त्यांच्या मुलाखती झाल्या, त्यांच्या वर्गांचे दीर्घकाळ निरीक्षण झाले, पाठांचे चित्रीकरण झाले. नंतर या आठही जणी एकत्र बसून ते चित्रीकरण पाहत आणि आपण अमुक गोष्ट का केली, याची चर्चा करत. शिक्षक केवळ अभ्यासाचा विषय न राहता संशोधनाचे भागीदार झाले. या अभ्यासावर आधारलेले ‘द ड्रीमकीपर्स’ हे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या कवितेवरून त्याचे नाव घेतले आहे.

आठ वर्ग, आठ तऱ्हा

या आठ जणींच्या अध्यापनात एखादी समान पद्धत सापडेल, अशी अपेक्षा असती तर ती फोल ठरली असती. कोणाचा वर्ग कडक शिस्तीचा होता, तर कोणाचा मोकळाढाकळा. वाचन शिकविताना एक शिक्षिका संपूर्ण गोष्टीपासून, पुस्तकावरील गप्पांपासून सुरुवात करी. दुसरी जुन्या वळणाच्या क्रमिक पुस्तकावर आणि अक्षर-ध्वनींच्या सरावावर भर देई. दोघींचीही मुले वाचायला शिकत होती. तंत्राखालचे काहीतरी समान होते, हे हळूहळू स्पष्ट होत गेले.

दुसरीच्या एका वर्गाचे उदाहरण घेऊ. मुलांना रॅप संगीताचे वेड. शिक्षिकेने त्यावर बंदी घातली नाही, की मुलांना खूश ठेवण्यासाठी ते नुसते ऐकविलेही नाही. अश्लील वा अपमानकारक नसलेली गाणी निवडून आणायला सांगितली आणि त्यांचे शब्द सर्वांना दिसतील असे पडद्यावर दाखविले. या ओळीचा शब्दशः अर्थ काय, सूचित अर्थ काय, यमक कसे जुळले, अनुप्रास कोठे आहे, कोणता शब्द नुसत्या नादाने अर्थ सांगतो, असे प्रश्न सुरू झाले. तेथून वर्ग पाठ्यक्रमातील कवितांकडे वळला. कवितेची समज म्हणून राज्याने आणि जिल्ह्याने जेवढी अपेक्षा ठेवली होती, तिच्या कितीतरी पुढे ही मुले गेली, असे लॅडसन-बिलिंग्ज यांनी नोंदविले आहे.

सहावीच्या एका वर्गात वेगळी अडचण होती. कृष्णवर्णीय मुलग्यांच्या एका गटाचा वर्गावर दरारा होता, पण अभ्यासात त्यांचे लक्ष नव्हते. बहुतेक शाळांत असा गट फोडला जातो किंवा वर्गाबाहेर काढला जातो. येथील शिक्षिकेने त्यांच्या पुढारीपणाला अभ्यासातच जागा दिली. त्यांना ज्या विषयांचे महत्त्व वाटते ते चर्चेत आणले आणि मत मांडायचे तर ते पुराव्यासह मांडा, असा आग्रह धरला. ज्यांच्याकडे इतर मुले पाहत होती, तीच मुले पुस्तके वाचून बोलू लागल्यावर वर्गात अभ्यास करणे कमीपणाचे राहिले नाही.

याच शिक्षिकेचा भाषेविषयीचा दृष्टिकोन विशेष उल्लेखनीय आहे. मुलांना प्रथम आपल्या घरच्या बोलीत बोलण्याची आणि लिहिण्याची मुभा होती. मात्र तेथे थांबण्याची मुभा नव्हती. आपले म्हणणे त्यांना प्रमाण इंग्रजीत ‘भाषांतरित’ करून दाखवावे लागे. वर्षाच्या शेवटी मुले एका भाषेतून दुसरीत सहज ये-जा करू लागली आणि दोन्ही भाषा अधिक चांगल्या वापरू लागली. घरची बोली चुकीची ठरविली गेली नाही आणि प्रमाणभाषा शिकण्यातून सूटही मिळाली नाही.

पाचवीच्या एका वर्गात पालकच काही दिवसांपुरते शिक्षक होत. एका मुलाची आई रताळ्यापासून ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ करण्यात परिसरात नावाजलेली होती. तिला वर्गात बोलाविले गेले. पदार्थ खाऊन कार्यक्रम संपला नाही. रताळ्यावर संशोधन करणारे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्याविषयी मुलांनी अहवाल लिहिले, चवीच्या चाचण्या घेतल्या, विक्रीची योजना आखली आणि स्वयंपाकी होण्यासाठी कोणते शिक्षण लागते याची माहिती मिळविली. ज्या आईला एरवी शाळेत तक्रार ऐकायलाच बोलाविले गेले असते, ती येथे जाणकार म्हणून उभी होती.

आणखी एका वर्गात शाळेची पाठ्यपुस्तके जुनी, कालबाह्य झालेली होती. शिक्षिकेने त्यांतील मजकूर मुलांकडून तपासून घेतला. सुखवस्तू वस्तीतील मुलांना नवी पुस्तके का मिळतात आणि आपल्याला का नाहीत, हा प्रश्न ओघाने आलाच. मुलांनी स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्रे लिहून ही परिस्थिती गावापुढे मांडली. पत्रलेखनाचा धडा झाला, तसा नागरिकशास्त्राचाही झाला.

तीन पायांचे तिवई

या निरीक्षणांतून लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये जो सिद्धान्त मांडला, त्याला मराठीत ‘संस्कृतिसुसंगत अध्यापन’ म्हणता येईल. त्याचे तीन पाय आहेत. पहिला पाय प्रत्यक्ष शिकण्याचा. मुलाला वाचता, लिहिता, गणित करता आलेच पाहिजे. त्याला वर्गात छान वाटणे पुरेसे नाही. दुसरा पाय सांस्कृतिक सक्षमतेचा. शिकण्यासाठी मुलाला आपली भाषा, आपले घर, आपली माणसे मागे टाकावी लागू नयेत, आणि त्याच वेळी आणखी एका संस्कृतीत वावरण्याचे सामर्थ्यही त्याला मिळावे. तिसरा पाय सामाजिक-राजकीय भानाचा. शाळेत शिकलेले वाचन आणि गणित वापरून भोवतालच्या परिस्थितीला, त्यातील अन्यायालाही, मुलाने प्रश्न विचारता आला पाहिजे.

तीनांपैकी एक पाय काढला तर तिवई उभी राहत नाही. नुसत्या गुणांचा आग्रह धरणारी शाळा हुशार मुलाला त्याच्या माणसांपासून तोडते. नुसते संस्कृतीचे कौतुक करणारी शाळा त्याला निरक्षर ठेवते. आणि पहिल्या दोन गोष्टी साधूनही जी शाळा मुलाला प्रश्न विचारू देत नाही, ती त्याला केवळ व्यक्तिगत प्रगतीचा मार्ग दाखविते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की यात नवे ते काय, हे तर नुसते चांगले शिकविणे झाले! लॅडसन-बिलिंग्ज यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखाला हाच आक्षेप शीर्षक म्हणून दिला. त्यांनी तो मान्य केला आणि पुढे विचारले, की हे जर नुसते चांगले शिकविणे आहे, तर कृष्णवर्णीय मुलांच्या वर्गांत ते इतके दुर्मीळ का?

आठ जणींमध्ये तीन श्वेतवर्णीय शिक्षिका होत्या, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. मुलांच्याच समाजातला शिक्षक असणे उपकारक ठरू शकते, पण ती पूर्वअट नाही. या आठही जणी स्वतःला त्या वस्तीचा भाग मानत होत्या आणि प्रत्येक मूल शिकू शकते हे गृहीत धरून चालत होत्या. ज्ञान मुलांच्या डोक्यात भरायचे नसून खाणीतून काढावे तसे मुलांमधून बाहेर काढायचे असते, अशी त्यांची धारणा होती.

तफावत नव्हे, ऋण

१९९१ मध्ये लॅडसन-बिलिंग्ज विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात दाखल झाल्या. तेथील शिक्षणशास्त्र विद्याशाखेत कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशन या शिक्षण संशोधकांच्या प्रमुख संघटनेच्या अध्यक्षा म्हणून २००६ मध्ये त्यांनी केलेले भाषण त्यांच्या विचारातील पुढचा टप्पा मानले जाते.

श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांमध्ये जो फरक पडतो, त्याला अमेरिकेत ‘तफावत’ म्हणण्याची प्रथा आहे. २००५ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात चौथीच्या वाचनात हा फरक २६ गुणांहून अधिक होता. लॅडसन-बिलिंग्ज यांनी अर्थसंकल्पातील एक उदाहरण घेतले. सरकारच्या एका वर्षाच्या खर्चापेक्षा उत्पन्न कमी पडले की तिला तूट म्हणतात. वर्षानुवर्षांच्या तुटी साचल्या की त्याचे राष्ट्रीय कर्ज होते. परीक्षेतील गुणांची तफावत ही वार्षिक तुटीसारखी आहे. तिच्यामागे शतकांचे साचलेले ऋण आहे आणि ते मुलांनी घेतलेले नाही. देशाने ते मुलांना देणे आहे.

हे ऋण त्यांनी चार प्रकारे मांडले. ऐतिहासिक, आर्थिक, सामाजिक-राजकीय आणि नैतिक. गुलामांना वाचायला शिकविणे हा अनेक राज्यांत गुन्हा होता, हा इतिहास. आर्थिक बाजू दाखविण्यासाठी त्यांनी जे आकडे दिले, त्यांत त्यांच्या जन्मगावाचाही समावेश होता. फिलाडेल्फिया शहरातील शाळांत दर विद्यार्थ्यामागे ९,२९९ डॉलर खर्च होत होते, तर शहराला लागून असलेल्या लोअर मेरियन या सधन उपनगरात १७,२६१ डॉलर. शहरातील बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय व लॅटिनो, उपनगरातील बहुसंख्य श्वेतवर्णीय. अमेरिकेत शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे घरांच्या किमतींतील फरक थेट वर्गात पोहोचतो. सामाजिक-राजकीय बाजूचा अर्थ असा की, ज्यांच्या आईवडिलांना १९६५ च्या कायद्यापूर्वी दक्षिणेत मतदानापासून दूर ठेवले गेले, त्यांना शाळांचा पैसा कसा वाटायचा हे ठरविण्यात जागाच नव्हती.

तफावत म्हटले की मुलांनी आणि शिक्षकांनी अधिक मेहनत करावी, असा उपाय सुचतो. ऋण म्हटले की आधी ते कोणी फेडायचे, हा प्रश्न विचारावा लागतो.

यशाचा धोका

एखादी कल्पना लोकप्रिय झाली की ती पातळ होते. संस्कृतिसुसंगत अध्यापनाचेही तेच झाले. शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत हा शब्द सर्वत्र आला, पण अनेक शाळांत त्याचा अर्थ भिंतीवर चार थोर व्यक्तींची चित्रे लावणे, एखादा सण साजरा करणे किंवा खाद्यपदार्थांचा दिवस ठेवणे एवढाच उरला. तिसरा पाय, म्हणजे सामाजिक-राजकीय भान, तर बहुतेकांनी सोडूनच दिला. २०१४ मध्ये लॅडसन-बिलिंग्ज यांनी याविषयीची खंत स्पष्ट शब्दांत मांडली. त्याच लेखात त्यांनी आपल्या सिद्धान्तावर नव्या पिढीने केलेल्या फेरमांडणीचे स्वागतही केले.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. आठ शिक्षिकांचा अभ्यास खोलवर जातो, पण एखाद्या पद्धतीमुळेच गुण वाढले, असे त्यावरून सिद्ध करता येत नाही. त्या दिशेने झालेल्या संशोधनात टॉमस डी आणि एमिली पेनर यांचा २०१७ चा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. सॅन फ्रान्सिस्कोतील नववीच्या, आठवीत कमी गुण मिळालेल्या मुलांना विविध वांशिक समाजांचा इतिहास व अनुभव शिकविणाऱ्या एका विषयाला बसविण्यात आले. त्यांची हजेरी २१ टक्के बिंदूंनी वाढली आणि गुणांची सरासरीही लक्षणीय सुधारली. या निष्कर्षांच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले. शिवाय तो अभ्यास एका शहरातील मोजक्या विद्यार्थ्यांचा होता. वर्गातील समन्यायाचा प्रश्न आकड्यांनी पूर्णपणे निकालात निघालेला नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

तिसरी अडचण राजकारणाची. २०२१ पासून अमेरिकेतील अनेक राज्यांनी वंश आणि वर्णद्वेष यांविषयी वर्गात काय शिकवावे यावर कायद्याने मर्यादा घातल्या. लॅडसन-बिलिंग्ज २०१८ मध्ये निवृत्त झाल्या होत्या. पण १९९५ मध्ये विल्यम टेट यांच्यासह त्यांनी वर्णविषयक चिकित्सक सिद्धान्त शिक्षणक्षेत्रात आणला असल्याने या वादात त्यांचे नाव पुन्हा पुन्हा आले.

पुण्यातून गेलेला धागा

हा सगळा प्रश्न साता समुद्रापलीकडचा वाटेल. पण महाराष्ट्राशी त्याचा जुना धागा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला अमेरिकेतील लोकांना, तेथील गुलामांना दास्यमुक्त केल्याबद्दल. १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढणाऱ्या फुले दाम्पत्याला शाळेचा दरवाजा उघडणे ही केवळ सुरुवात आहे, हे अनुभवाने कळले होते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकांविषयी मागणी केली. हे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, कारण ते मुलांमध्ये व पालकांमध्ये मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा व इच्छा अधिक चांगल्या जाणतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या काळी बहुसंख्य शिक्षक उच्चवर्णीय होते आणि धार्मिक समजुतींमुळे मुलांपासून अंतर राखून असत. जात आणि वर्ण या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. त्यांची सरसकट तुलना योग्य नाही. तरीही शिक्षकाने मुलाच्या समाजाशी नाते ठेवावे, ही फुल्यांची मागणी आणि चर्चमधील पालकांनी लॅडसन-बिलिंग्ज यांना सांगितलेली पहिली कसोटी, ‘बाई आपल्याशी आदराने वागतात का’, यांच्यातील जवळीक लक्षात येण्याजोगी आहे.

आजच्या शहरी वाचकाच्या दृष्टीने हा प्रश्न आणखी जवळचा झाला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. प्रवेशाची सोडत, शुल्काचा परतावा, न्यायालयातील दावे यांवर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहिले जाते. पण प्रवेश मिळालेले मूल वर्गात बसल्यानंतर काय होते, याची चर्चा क्वचितच होते. घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा आणि ती जेथे काम करते त्या घरातला मुलगा एकाच बाकावर बसू शकतात. बाईंचा प्रश्न कोणाकडे आधी जातो? उत्तर आले नाही तर कोणासाठी त्या थांबतात आणि कोणाला ‘बस खाली’ म्हणतात?

भाषेचेही तसेच. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारमध्ये भिली बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा प्रमाण मराठी त्याच्यासाठी जवळजवळ परकी असते. शहरातही ‘आनि-पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या उच्चारावर वर्ग हसतो. तेव्हा त्याची बोली सुधारण्याच्या नादात त्याचे बोलणेच बंद पडते. शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मातृभाषेतून शिकविण्याची तरतूद आहे. मात्र घरच्या बोलीपासून सुरुवात करून प्रमाणभाषेपर्यंत मुलाला नेणे आणि वाटेत त्यापैकी काहीही गमावू न देणे, हे काम कायदा करू शकत नाही. ते वर्गातील बाईंनाच करावे लागते.

अर्थात, चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, अशैक्षणिक कामे आणि अपुरा पगार यांत अडकलेल्या शिक्षिकेकडून एकटीने हे सारे करण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. लॅडसन-बिलिंग्ज यांनीही ते केले नाही. म्हणूनच आठ शिक्षिकांच्या वर्गांवर लिहिणाऱ्या या बाईंना पुढे देशाच्या ऋणावर बोलावे लागले. वर्गातील अपेक्षा शिक्षकाने वाढवायची, तर त्या पेलण्याची साधने समाजाने पुरवायची, असे दुहेरी उत्तरदायित्व त्यांच्या मांडणीत आहे.

तरीही वर्गाचे दार बंद झाल्यावर उरतात ते बाई आणि मुले. पहिलीतील त्या मुलीला लिहायला आज जमत नसेल, तर तिच्याजवळ बसणे, तिच्या तोंडचे एक वाक्य ऐकणे आणि तेच कागदावर उतरविण्यासाठी मदत करणे, यासाठी आयोग वा अनुदान लागत नाही. लागतो तो विश्वास, की हे मूल लिहू शकते. आणि लागतो तो आग्रह, की ते आजच लिहील.